चिमटीएवढं रसायन

१९१०च्या सुमाराची गोष्ट. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात फ्रिट्झ प्रेग्ल नावाचा चाळिशीतला डॉक्टर पित्ताच्या मागे लागला होता. शिक्षण वैद्यकाचं, पण माणूस रमायचा परीक्षानळ्यांत. पित्तातल्या आम्लांची फोड करता करता त्याच्या हाती एक पदार्थ लागला आणि तिथेच त्याची पंचाईत झाली. पदार्थ इतका थोडा होता, की त्यात कार्बन किती नि हायड्रोजन किती हे तेव्हाच्या पद्धतीने मोजायला गेलं तर मोजमापातच सगळा साठा जळून गेला असता. आणखी हवा असेल तर ढीगभर पित्त आणून पहिल्यापासून सुरुवात करायची, नाहीतर मोजायची पद्धतच बदलायची. प्रेग्लने दुसरी वाट धरली.

प्रदूषण हा शब्द त्याच्या मनातही आला नसेल. तरीही प्रयोगशाळेतला रासायनिक कचरा कमी कसा झाला याचा इतिहास सांगायचा तर सुरुवात त्याच्यापासूनच करावी लागते. या इतिहासातल्या बहुतेक पात्रांचं असंच आहे. कचरा कमी करायचा म्हणून फारसं कुणी घराबाहेर पडलं नव्हतं. कुणाजवळ माल कमी होता, कुणाजवळ पैसा, आणि एका ठिकाणी तर श्वास घ्यायला धड हवा नव्हती.

तेव्हाची पद्धत होती जर्मनीतल्या युस्टुस फॉन लीबिगची. गीसेनच्या विद्यापीठात १८३१ साली त्याने पाच काचेच्या फुग्यांचं एक त्रिकोणी उपकरण तयार केलं. पदार्थ कॉपर ऑक्साइडबरोबर तापवून जाळायचा. निघालेली वाफ कॅल्शियम क्लोराइडच्या नळीत अडवायची, कार्बन डायऑक्साइड या फुग्यांमधल्या पोटॅशच्या द्रावणात मुरवायचा, आणि आधीचं नि नंतरचं वजन करून वजाबाकी मांडायची. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या बोधचिन्हात हे पाच फुगे आजही दिसतात. प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने प्रयोग करायचा ही गीसेनची शिस्त जगभर पसरली. आपण जिला प्रॅक्टिकल म्हणतो तिची मुळं बऱ्याच अंशी तिथली. पण त्या शिस्तीबरोबर तिथली मापंही आली. प्रेग्लच्या काळापर्यंत अशा एका मोजमापाला साधारण दीड-दोनशे मिलिग्रॅम पदार्थ खर्ची पडत असे.

लीबिगची नळी आहे तशी लहान केली की काम भागेल असं वरवर वाटतं. प्रत्यक्षात माप कित्येक पटींनी खाली आणलं की आजवर दुर्लक्ष करण्याजोगी वाटणारी प्रत्येक गोष्ट मानगुटीवर बसते. रबरी नळीतून झिरपणारी दमट हवा, काचेवर उमटलेला बोटाचा ठसा, ऑक्सिजनमधली बारीकशी अशुद्धी, यातलं काहीही उत्तर बिघडवायला पुरतं. प्रेग्लने एकेका चुकीचा माग काढला. शोषणनळ्या वजनाला ठेवण्यापूर्वी कशा पुसायच्या याचाही त्याने विधी घालून दिला. आधी ओलसर फ्लॅनेलने, मग मऊ कातड्याने, आणि मग ठरावीक वेळ थांबूनच तराजूत. वाचताना सोवळ्याओवळ्याची आठवण होते, पण या सोवळ्याला कारण होतं. नळीत काय काय भरायचं याचंही सूत्र त्याने बसवलं. कॉपर ऑक्साइड, लेड क्रोमेट, चांदी आणि लेड पेरॉक्साइड अशा थरांमुळे पदार्थात गंधक असो, क्लोरीन असो वा नायट्रोजन, एकाच नळीत सगळ्यांचा बंदोबस्त व्हायचा. राहिला तराजू. हॅम्बुर्गच्या विल्हेल्म कुलमानने सोन्या-चांदीचा कस लावण्यासाठी नाजूक तराजू केले होते. प्रेग्लच्या आग्रहावरून ते आणखी सुधारून मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागापर्यंत नेले गेले.

मधल्या काळात तो इन्सब्रुकला प्राध्यापक होऊन गेला आणि १९१३ साली ग्राझला परतला. त्याची गरज हळूहळू तीन ते पाच मिलिग्रॅमवर आली, म्हणजे मोहरीच्या एक-दोन दाण्यांच्या वजनाइतक्या पदार्थावर. १९१७ साली त्याचं या विषयावरचं पुस्तक निघालं. ही कला शिकायला देशोदेशीचे रसायनशास्त्रज्ञ ग्राझची वाट धरू लागले, आणि १९२३ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल एकट्या प्रेग्लला मिळालं. नवं मूलद्रव्य नाही, नवा नियम नाही. आधीचीच पद्धत, फक्त लहान केलेली. नोबेलच्या मृत्युपत्रात रसायनशास्त्राच्या पारितोषिकासाठी शोधाच्या जोडीला सुधारणेचाही उल्लेख आहे, तो इथे कामी आला म्हणायचा.

व्हिएन्नाच्या फ्रिट्झ फायग्लने हाच विचार आणखी स्वस्त केला. प्रेग्लला निदान नाजूक तराजू तरी लागत होता. फायग्लला गाळणकागदाचा तुकडा आणि ड्रॉपर पुरायचा. कागदावर एक थेंब नमुन्याचा, त्यावर एक थेंब अभिकारकाचा. निकेल असेल तर डायमिथाइलग्लायॉक्झिमचा तांबडा ठिपका उमटतो, मिलिग्रॅमच्या कितीतरी खालच्या मात्रेतसुद्धा. अशा शेकडो ठिपक्यांचा अभ्यास करून त्याने १९३१ साली ग्रंथ लिहिला. फायग्ल ज्यू होता. १९३८ साली नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि त्याला देश सोडावा लागला. स्वित्झर्लंड, बेल्जियम असं करत तो ब्राझीलला पोचला आणि रिओ दि जानेरोतल्या एका सरकारी खनिज प्रयोगशाळेत त्याने आपलं काम पुन्हा मांडलं. परागंदा माणसाला बरोबर नेता येईल असंच ते शास्त्र होतं.

इथपर्यंत वाचून वाटेल की १९४० नंतर जगातल्या प्रयोगशाळा थेंबा-थेंबावर आल्या असतील. तसं झालं नाही. संशोधनात जिथे पदार्थच दुर्मिळ तिथे प्रेग्ल टिकला. अकार्बनी पृथक्करणात निमसूक्ष्म पद्धत आली, परीक्षानळ्या बुटक्या झाल्या, गाळण्याऐवजी सेंट्रिफ्यूज फिरू लागलं. पण कार्बनी रसायनशास्त्राचे वर्ग मात्र युद्धानंतरच्या सुबत्तेत आणखी फोफावले. रसायनं स्वस्त, विद्रावकं त्याहून स्वस्त. वीस-पंचवीस ग्रॅम पदार्थ घ्यायचा, पाव-अर्ध्या लिटरच्या चंबूत उकळायचा, बेंझिनने किंवा ईथरने निष्कर्षण करायचं, आणि शेवटी मिळालेले स्फटिक बाटलीत भरून सरांना दाखवायचे. सर उत्पादन किती टक्के आलं ते वहीत लिहून घेणार आणि वर्ष संपलं की बाटल्या रिकाम्या होणार. जो पदार्थ कुणालाच नको होता, तो पंचवीस-पंचवीस ग्रॅम बनवून फेकला जात होता. बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होतो हे कळल्यावरही त्याची बाटली टेबलावरून हलायला बराच काळ गेला.

आपल्याकडची आठवण काढायची तर विज्ञान शाखेतून गेलेल्या जुन्या मंडळींना किपचं उपकरण विसरता येणार नाही. डेल्फ्टच्या पेत्रुस किप या डच औषधविक्रेत्याने १८४४मध्ये केलेलं हे तीन मजली काचपात्र. मधल्या मजल्यावर आयर्न सल्फाइडचे खडे, वरून आम्ल, आणि तोटी उघडली की हायड्रोजन सल्फाइड. खाली रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल लागलंय हे वरच्या मजल्यावर इतिहासाच्या तासालाही कळायचं. सॉल्ट अॅनालिसिसमध्ये, म्हणजे क्षारातले धातू ओळखताना, त्यांच्या दुसऱ्या गटासाठी या वायूची धार द्रावणात सोडायची. शिसं नि तांबं काळा साका देणार, कॅडमियम नि आर्सेनिक पिवळा. सडक्या अंड्याच्या या वासाची खोड अशी, की वायूचं प्रमाण फार वाढलं तर नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो, म्हणजे धोका सर्वांत मोठा असताना इशारा बंद. आणि तो काळा-पिवळा साका जायचा कुठे? नळ सोडायचा, सिंकमध्ये ओतायचा, वर पाणी सोडायचं. ब्युरेट लखलखीत व्हावी म्हणून वापरलेलं क्रोमिक अॅसिडही त्याच वाटेने. सिंकच्या पलीकडे काय आहे हा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता.

अमेरिकेत तो प्रश्न कायद्याने विचारला. १९७६ साली तिथे घातक कचऱ्याचा नवा कायदा झाला. कचरा जन्मल्यापासून त्याची विल्हेवाट लागेपर्यंत प्रत्येक टप्प्याचा हिशेब ठेवायचा, असा त्याचा गाभा. दोनच वर्षांनी न्यूयॉर्क राज्यातल्या लव्ह कॅनॉलचं प्रकरण पेटलं. एका रसायन कंपनीने १९४२ ते १९५३ या काळात जुन्या कालव्यात सुमारे एकवीस हजार टन कचरा पुरला होता आणि तिथे पुढे शाळा आणि घरं उभी राहिली होती. १९७८च्या ऑगस्टमध्ये तिथे आणीबाणी जाहीर झाली. कायद्याचे नियम १९८०च्या नोव्हेंबरात लागू झाले ते हे सगळं ताजं असताना. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कारखाने होते. पण व्याख्येत बसेल तो कचरा घातक, मग तो रिफायनरीतून येवो की रसायनशास्त्राच्या वर्गातून. १९८४च्या दुरुस्तीने तर महिन्याला शंभर किलोच्या वर कचरा करणाऱ्या लहान संस्थाही जाळ्यात आल्या.

कॉलेजांची कशी त्रेधा उडाली हे समजायला 'लॅब पॅक' म्हणजे काय ते पाहावं. कारखान्याचा कचरा एकजिनसी असतो, टँकर भरून जातो. कॉलेजचा कचरा म्हणजे शंभर जातींच्या शंभर बाटल्या, निम्म्यांची लेबलं उडालेली. या बाटल्या एकमेकींशी जमतील अशा बेताने दोनशे लिटरच्या पिंपात रचायच्या आणि मधल्या पोकळीत शोषून घेणारा भुसभुशीत खनिज माल ठासून भरायचा. पिंपात रसायन थोडं आणि भराव जास्त, पण बिल अख्ख्या पिंपाचं. विकत घेताना काही डॉलरला मिळालेली बाटली टाकून देताना कितीतरी महाग पडू लागली. अमेरिकन केमिकल सोसायटीने १९८५ साली प्रयोगशाळांसाठी एक पुस्तिका काढली. तिच्या नावाचा मथितार्थच असा होता की कमी तेच बरं.

या गदारोळात मेन राज्यातल्या ब्रन्सविक गावच्या बोडन कॉलेजची अडचण जरा वेगळी होती. कॉलेज जुनं आणि नावाजलेलं, पण रसायनशास्त्राची इमारत १९५०च्या दशकातली. कार्बनी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत वर्ग भरला की विद्रावकांच्या वाफांनी हवा कोंदट होई. उपाय सरळ होता. धूरकोंडी कपाटं, म्हणजे फ्यूम हूड, वाढवायची आणि मोठे पंखे बसवायचे. पण मेनचा हिवाळा म्हणजे महिनोन्‌महिने बर्फ. असा पंखा खोलीतली तापवलेली हवा बाहेर फेकतो आणि तितकीच गोठलेली हवा आत घेतो, ती पुन्हा तापवावी लागते. सत्तरच्या दशकात तेलाच्या किमती दोनदा भडकून गेल्या होत्या. नवी यंत्रणा बसवायचा खर्च एकीकडे आणि ती चालवायचा खर्च जन्मभर दुसरीकडे.

कॉलेजचं नशीब असं की त्यांच्याच रसायनशास्त्र विभागात हवेचा जाणकार बसलेला होता. सॅम्युएल बुचर हे वातावरणातल्या रसायनशास्त्रावरच्या १९७२च्या एका पाठ्यपुस्तकाचे सहलेखक. डाना मेयो हे कार्बनी रसायनशास्त्राचे प्राध्यापक, इन्फ्रारेड वर्णपटात मुरलेले. तिसरे रोनाल्ड पाइक मॅसॅच्युसेट्समधल्या मेरिमॅक कॉलेजचे. या तिघांनी प्रश्न उलटा करून पाहिला. खोलीतल्या वाफा दोनच गोष्टींवर ठरतात: हवा किती बदलते आणि विद्रावक किती उडतो. हवा बदलणं महाग आहे ना? मग विद्रावक शंभरावा हिस्सा घ्या. पंखे आहेत तेच राहू द्या.

ऐकायला सोपं आहे. प्रेग्लला जे भोगावं लागलं तेच इथेही होतं, फरक एवढाच की प्रेग्लच्या जागी आता अठरा-एकोणीस वर्षांची, पहिल्यांदाच चंबू हातात घेणारी मुलं होती. शंभर मिलिग्रॅम पदार्थ पाव लिटरच्या चंबूत टाकला तर तो काचेला चिकटूनच संपतो. तेव्हा भांडीच बदलावी लागली. तळाशी निमुळती होत जाणारी, बोटाएवढी जाड काचेची कुपी घेतली, म्हणजे शेवटचा थेंबही टोकाशी जमतो. तापवायला बर्नर नको, वाळूचं पात्र किंवा अॅल्युमिनियमचा ठोकळा. उघडी ज्योतच गेल्यामुळे ईथर पेटण्याची भीतीही ओसरली. ऊर्ध्वपातनाला लांबलचक कंडेन्सर लावला तर सगळा द्रव त्याच्या भिंतींवरच राहील. म्हणून हिकमनची छोटी भट्टी आली. तिच्या गळ्याभोवती एक वळचण असते, वर चढलेली वाफ थंड होऊन त्या वळचणीत थेंब-थेंब साठते आणि पिपेटने तिथूनच उचलता येते.

मला यातली सर्वांत देखणी वाटते ती क्रेगची नळी. स्फटिक गाळायचे म्हणजे गाळणकागद आला, आणि पन्नास मिलिग्रॅम स्फटिकांतले निम्मे कागदालाच अर्पण. क्रेगच्या नळीत कागदच नाही. गरम द्रावण नळीत ठेवायचं, निवू द्यायचं, स्फटिक जमले की वरून घासलेल्या काचेचा दांडा बसवायचा. मग अख्खी जोडी उलटी करून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची. नळी आणि दांडा यांच्या मधल्या केसभर फटीतून द्रव निसटून जातो, स्फटिक तिथेच अडकतात. भांडं तेच, गाळणं तेच, सुकवणंही तिथेच. हिकमन आणि क्रेग दोघेही यापूर्वीचे, संशोधनासाठी डोकं लढवणारे. बोडनच्या मंडळींनी ही अवजारं संशोधकांच्या कपाटातून काढून बी.एस्सी.च्या मुलांच्या हातात दिली.

काळही अनुकूल होता, हे मान्य करायला हवं. वीस वर्षं आधी ही कल्पना कुणी मांडली असती तर वर्गातल्या तराजूपाशीच अडली असती. १९८० उजाडेपर्यंत मिलिग्रॅम दाखवणारे इलेक्ट्रॉनिक तराजू कॉलेजांच्या आवाक्यात आले होते. पदार्थ ओळखायला आता वर्णपट होते, क्रोमॅटोग्राफी होती, आणि त्यांना कणभर नमुना पुरतो. पूर्वी स्फटिकांची बाटली भरून दाखवणं हाच पुरावा होता. आता त्या बाटलीची गरज उरली नव्हती.

१९८५ साली 'जर्नल ऑफ केमिकल एज्युकेशन'मध्ये बोडनच्या मंडळींच्या लेखांची मालिका सुरू झाली, १९८६मध्ये पाठ्यपुस्तक आलं. पंचवीस ग्रॅमच्या जागी शंभर-दीडशे मिलिग्रॅम. कचरा पिंपातून बाटलीत आला. एक गंमत अशीही झाली, की थोडं द्रव लवकर तापतं आणि लवकर निवतं, त्यामुळे तीन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये वेळ उरू लागला. महाग म्हणून वर्गात कधीच न आलेली अभिकारकंही आता परवडू लागली, कारण लागणार होती ती चिमटीएवढीच.

विरोध झाला आणि तो सगळाच अडाणी नव्हता. मुलं खेळण्यातल्या भांड्यांशी खेळणार आणि उद्या कारखान्यात दोन हजार लिटरच्या रिअॅक्टरसमोर उभी राहिली की गडबडणार, असं काहींचं म्हणणं. मोठ्या मापात उष्णता कशी साठते, अभिक्रिया हाताबाहेर कशी जाते, याचा अंदाज छोट्या कुपीत येत नाही हे खरंच आहे. दुसरी तक्रार पैशांची. क्रेगची नळी फुटली तर साधी परीक्षानळी फुटल्यासारखं नाही. तिसरी तक्रार कुणी उघड बोलत नसे: जुन्या प्रयोगांचे आकडे प्राध्यापकांना तोंडपाठ होते, सगळं नव्याने बसवायचं म्हणजे काम. बऱ्याच कॉलेजांनी सुवर्णमध्य काढला. माउंट होल्योक कॉलेजच्या केनेथ विल्यमसन यांनी १९८९ साली एकाच पुस्तकात दोन्ही मापांचे प्रयोग शेजारी शेजारी देऊन टाकले. अकार्बनी रसायनशास्त्रासाठी झाफ्रान, पाइक आणि सिंग यांचं पुस्तक १९९१मध्ये आलं, आणि मेरिमॅक कॉलेजात शिक्षकांना हे शिकवणारं एक राष्ट्रीय केंद्रच उभं राहिलं.

श्रीमंत अमेरिकेत हे पंख्याच्या बिलातून जन्मलं. दक्षिण आफ्रिकेत तेच गरिबीतून पुन्हा जन्मलं. वर्णभेदी राजवट संपली तेव्हा तिथल्या काळ्या वस्त्यांतल्या असंख्य शाळांना प्रयोगशाळा म्हणून खोलीच नव्हती. जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठातल्या जॉन ब्रॅडली यांच्या केंद्राने प्लास्टिकच्या छोट्या छोट्या खळग्यांची एक पट्टी, काही ड्रॉपर, नळ्या आणि चिमूटभर रसायनं असा डबाच तयार केला. नळ नको, गॅस नको, ओटा नको. मूल बाकावर बसून वायू तयार करतं, टायट्रेशन करतं. युनेस्कोने हे डबे अनेक देशांत नेले. आपल्या एनसीईआरटीनेही सूक्ष्म-प्रमाण रसायनशास्त्राची पेटी काढली आहे.

या सगळ्याला 'हरित रसायनशास्त्र' हे नाव मिळालं ते नंतर. अमेरिकेने १९९० साली प्रदूषण उगमापाशीच रोखण्याचा कायदा केला. १९९१मध्ये बॅरी ट्रॉस्ट यांनी अणूंच्या काटकसरीचा हिशेब मांडला, म्हणजे टाकलेल्या अणूंपैकी किती अणू हव्या त्या पदार्थात उतरले. पुढच्याच वर्षी रॉजर शेल्डन यांनी किलोभर मालामागे किती किलो कचरा होतो ते मोजायला सांगितलं, आणि औषधउद्योगाचे आकडे पंचवीसपासून शंभराच्या पुढे गेलेले पाहून भल्याभल्यांनी तोंडात बोटं घातली. १९९८ साली पॉल अनास्टस आणि जॉन वॉर्नर यांनी बारा तत्त्वं सांगितली. पहिलं तत्त्व: कचरा झाल्यावर निस्तरण्यापेक्षा तो होऊच देऊ नये. मेयो, बुचर आणि पाइक तेव्हा दहाहून अधिक वर्षं नेमकं हेच करत होते, घोषणेवाचून. तत्त्वांचं पुस्तक जगभर उद्धृत होतं, क्रेगच्या नळीबद्दल कुणी बोलत नाही, हे मला थोडं अन्यायाचं वाटतं.

आपल्याकडे घातक कचऱ्याचे नियम १९८९ साली आले, भोपाळच्या वायुगळतीनंतर झालेल्या १९८६च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव अशा ठिकाणी अशा कचऱ्याची शास्त्रीय विल्हेवाट लावणारी केंद्रं उभी राहिली. पण ती औद्योगिक वसाहतींच्या हिशेबाने. तालुक्याच्या गावातल्या कॉलेजच्या सिंकपर्यंत त्या नियमांचा हात सहसा पोचला नाही. सीबीएसईच्या बारावीच्या प्रात्यक्षिकांत शोधायच्या घटकांच्या यादीत शिसं आणि आर्सेनिक कित्येक वर्षं मुक्कामाला होती. आर्सेनिक ओळखायला शिकल्याने सतरा वर्षांच्या मुलाचं काय भलं होतं हे मला आजतागायत कळलेलं नाही.

तरी काही चांगलं घडलं. केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या हरित रसायनशास्त्र कृतिगटाने कॉलेजांसाठी प्रयोगांची एक पुस्तिका काढली. तिच्यातला एक प्रयोग बी.एस्सी., एम.एस्सी. केलेल्यांच्या ओळखीचा आहे: अॅसिटॅनिलाइडचं ब्रोमीनीकरण. जुन्या रीतीत ब्रोमीनची बाटली उघडायची, तपकिरी धूर डोळ्यांना झोंबायचा, थेंब हातावर पडला तर खोल भाजायचं. पुस्तिकेतल्या रीतीत ब्रोमीनची बाटलीच नाही. पोटॅशियम ब्रोमाइड आणि सेरिक अमोनियम नायट्रेट घ्यायचं, लागेल तेवढं ब्रोमीन भांड्यातच तयार होतं आणि तिथेच खर्ची पडतं. स्फटिक तेच मिळतात. किपचं उपकरणही आता अनेक कॉलेजांत कपाटाच्या वर धूळ खात बसलं आहे.

सगळ्यात विचित्र उदाहरण मात्र पर्यावरणाच्याच प्रयोगशाळेतलं. सांडपाणी किती घाण आहे हे ठरवायला सीओडी नावाची चाचणी करतात. कारखाना असो, सामुदायिक प्रक्रिया केंद्र असो वा सरकारी यंत्रणा, ही चाचणी रोजची. जुन्या, उघड्या पद्धतीत पन्नास मिलिलिटर सांडपाणी घेतात. त्यात क्लोराइडने गोंधळ घालू नये म्हणून ग्रॅमभर मर्क्युरिक सल्फेट, म्हणजे पाऱ्याचा क्षार, घालतात. मग पोटॅशियम डायक्रोमेट, आणि चांदीचा क्षार मिसळलेलं तीव्र सल्फ्युरिक आम्ल. दोन तास उकळून, निववून, पाणी घालून विरळ करून, निळसर हिरवा रंग तांबूस तपकिरी होईपर्यंत टायट्रेशन. पाण्याची घाण मोजून झाली की चंबूत उरतं पारा, क्रोमियम, चांदी आणि आम्ल यांचं दीडशे मिलिलिटरहून जास्त मिश्रण, आणि ते मोजलेल्या सांडपाण्यापेक्षा कित्येक पटींनी विषारी असतं. एक चाचणी, एक चंबू. दिवसाला वीस नमुने आले तर वीस चंबू.

याच चाचणीची बंद नळीतली पद्धतही आहे. बोटाएवढ्या नळीत अडीच मिलिलिटर सांडपाणी, दीड मिलिलिटर डायक्रोमेटचं द्रावण, साडेतीन मिलिलिटर आम्ल. सगळं मिळून साडेसात मिलिलिटर, आणि मर्क्युरिक सल्फेट ग्रॅमच्या जागी साधारण पन्नास मिलिग्रॅम. वीसपट कमी. नमुन्यात गाळ असेल तर तो आधी नीट घुसळून एकजीव करावा लागतो, नाहीतर अडीच मिलिलिटरमध्ये एक कण जास्त आला तरी आकडा फसतो. प्रेग्लने फ्लॅनेल आणि कातडं घेऊन जी काळजी घेतली, तीच इथेही लागते. जगभरच्या प्रयोगशाळा ज्या प्रमाण पद्धतींच्या संग्रहावर विसंबतात त्यात या दोन्ही रीती शेजारी शेजारी दिलेल्या आहेत आणि दोन्ही ग्राह्य आहेत. कोणती वापरायची ते प्रयोगशाळेने ठरवायचं असतं. तुमच्या कारखान्यात किंवा कॉलेजात कोणती चालते, हे एकदा विचारून पाहा.